फॉस्फो-ईआरके अँटिबॉडी: खानदेशातल्या प्रयोगशाळांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबार इथल्या महाविद्यालयांत आणि फार्मसी संस्थांत वेस्टर्न ब्लॉट (प्रथिने जेलवर वेगळी करून मेम्ब्रेन या पातळ पडद्यावर उतरवणे आणि हवे ते प्रथिन अँटिबॉडीने पट्टीसारखे दाखवणे) करणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मापे सशात तयार केलेल्या, ५० टक्के ग्लिसरॉलमधल्या अँटिबॉडीसाठी धरली आहेत. तुमच्या कुपीसोबतच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर पत्रकाचा माना. पट्टी न दिसण्याचे कारण कुपीत क्वचितच असते. पेशी फोडण्याच्या आगेमागच्या दहा मिनिटांत ते बहुतेक वेळा सापडते. म्हणून तो भाग खाली जास्त लांबला आहे.

ही अँटिबॉडी नेमके काय ओळखते?

ईआरके-१ (४४ किलोडाल्टन) आणि ईआरके-२ (४२ किलोडाल्टन) ही दोन प्रथिने, पण फक्त ती चालू असताना. रास, राफ, मेक अशा साखळीतून संकेत आला की मेक हे एन्झाइम ईआरकेच्या थ्रिओनिन-ग्लुटामिक आम्ल-टायरोसिन या तुकड्यातल्या थ्रिओनिनवर आणि टायरोसिनवर एकेक फॉस्फेट बसवते. माणसाच्या ईआरके-१ मध्ये ही जागा २०२ आणि २०४, ईआरके-२ मध्ये १८५ आणि १८७. कॅटलॉगवर मात्र बहुधा २०२/२०४ एवढेच छापलेले असते आणि उंदीर-घुशींच्या प्रथिनांत क्रमांक एखाद-दुसऱ्याने सरकतात. क्रमांक जुळत नाही म्हणून अँटिबॉडी चुकीची आली, असे समजून परत पाठवू नका.

एकूण ईआरकेची अँटिबॉडी वेगळी घ्यावीच लागते का?

हो. काही मिनिटांच्या प्रयोगात ईआरकेचे एकूण प्रमाण बदलत नाही, फॉस्फेट बसलेला हिस्सा बदलतो. पट्टी फिकी झाली ती संकेत कमी झाला म्हणून की त्या लेनमध्ये (जेलमधल्या त्या नमुन्याच्या रांगेत) प्रथिनच कमी पडले म्हणून, हे एकूण ईआरकेशिवाय सांगता येत नाही.

बीटा-ॲक्टिनवर भागवू असे म्हणत असाल तर थांबा. ॲक्टिनही ४२ किलोडाल्टनचे, म्हणजे नेमके ईआरके-२ च्या डोक्यावर. त्याच मेम्ब्रेनवर लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये सारखे प्रथिन पडले का हे दाखवणारे प्रथिन) हवाच असेल तर ट्युब्युलिन (५० ते ५५) किंवा एचएसपी-९० घ्या. जीएपीडीएच (३७) चालते, पण जेल पुरेशी लांब चालवली असेल तरच.

मे महिन्यात पार्सल आले, आतले जेलपॅक पूर्ण वितळलेले होते. अँटिबॉडी गेली का?

बहुधा नाही. आयजीजी (अँटिबॉडीचा नेहमीचा प्रकार) हा रेणू चिवट असतो. ग्लिसरॉल आणि बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) असलेली कुपी एक-दोन दिवस खोलीच्या तापमानाला राहिली तर सहसा काही बिघडत नाही. पण जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर असताना बंद गाडीतला खोका त्याहून बराच तापतो, आणि तिथे शाश्वती देता येत नाही. कुपी उघडण्याआधी खोक्याचा फोटो काढा, पुरवठादाराला त्याच दिवशी कळवा, कुपी उणे २० अंशांत ठेवा आणि खाली सांगितलेला ईजीएफचा (पेशींना वाढीचा संकेत देणाऱ्या प्रथिनाचा) कंट्रोल ब्लॉट आठवडाभरात करून पाहा. ४४-४२ ची जोडी स्वच्छ आली की वाद मिटला.

मागणी शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत नोंदवा. उन्हाळ्यात घ्यावीच लागली तर माल सोमवारी किंवा मंगळवारी निघेल असे लेखी मागा. मुंबई-पुण्याहून शुक्रवारी निघालेला खोका शनिवार-रविवार कुठल्या तरी गोदामात पडून राहतो, आणि सोमवारी हाती येतो तेव्हा जेलपॅकचे पाणी झालेले असते.

साठवण कशी करावी? वीज जाते त्याचे काय?

५० टक्के ग्लिसरॉल उणे २० अंशांना गोठत नाही, म्हणून अशा कुपीचे छोटे वाटे करायची गरज नाही. उणे ८० मध्ये ती गोठते. तिथे ठेवू नका. ग्लिसरॉल नसलेली अँटिबॉडी असेल तर मात्र १० मायक्रोलिटरहून लहान नाहीत असे वाटे करून ठेवा. त्याहून लहान वाट्यात प्रथिन नळीच्या भिंतीला चिकटून वाया जाते.

आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज टाळा. तो ठरावीक वेळाने आतली हवा तापवतो आणि कुपी दररोज वर-खाली होते. पर्याय नसेल तर जाड थर्माकोलच्या डब्यात चार जेलपॅक ठेवून मध्ये कुपी उभी करा. तीन-चार तासांचे भारनियमन तेवढ्यात निभावते. दार मात्र त्या काळात उघडू नका.

पॉझिटिव्ह कंट्रोल कसा तयार करायचा?

हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) घ्या; पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या) पेशीसंग्रहातून त्या मिळतात. सहा खणांच्या प्लेटमध्ये ७० ते ८० टक्के भरल्या की माध्यम बदलून ०.१ ते ०.५ टक्के सीरम असलेले द्या आणि १६ ते १८ तास उपाशी ठेवा. मग एका खणाला काहीच नाही, दुसऱ्याला ईजीएफ १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ५ मिनिटे, तिसऱ्याला यू०१२६ हा मेकरोधक १० मायक्रोमोलर एक तास आधी आणि मग ईजीएफ. पहिला फिका, दुसरा ठळक, तिसरा जवळपास कोरा आला पाहिजे. ईजीएफ नसेल तर पीएमए (ईआरके चालू करणारे रसायन) २०० नॅनोमोलर १५ ते ३० मिनिटे चालते, आणि ते स्वस्तही पडते.

उपाशी पेशींतही पट्टी ठळक येते. का?

कारण तुम्ही त्यांना हलवले. ईआरकेला चालू व्हायला फार काही लागत नाही: ताजे माध्यम जोरात ओतणे, प्लेट इन्क्युबेटरबाहेर ४० अंशांच्या खोलीत ठेवणे, थंड पीबीएसने (मिठाच्या बफरने) धुण्याआधी बोलत उभे राहणे, एवढ्यानेही संकेत उठतो. ईजीएफ देताना माध्यम बदलू नका. २ मिलिलिटर माध्यमात १०० पट तीव्र द्रावणाचे २० मायक्रोलिटर हळूच सोडा, प्लेट एकदा फिरवा आणि परत इन्क्युबेटरमध्ये ठेवा. कोऱ्या खणालाही तेवढेच नुसते द्रावण द्या. ट्रिप्सिनने पेशी सोडवून लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) करणे तर अजिबात नको, खरवडूनच काढा.

पेशींची जातही पाहा. ए३७५ सारख्या मेलानोमा पेशींत बीआरएएफचे व्ही६००ई उत्परिवर्तन असते, त्यांत ईआरके कायम चालू असतो. तिथे उपाशी ठेवून पट्टी फिकी होणार नाही, मेकरोधकानेच होईल.

लायसिस (पेशी फोडणे) कसे करायचे? फॉस्फेट टिकतच नाही.

पेशी फुटल्या की आतले फॉस्फेटेज मोकळे होतात आणि फॉस्फेट उतरवायला लागतात. बर्फावर हे मंदावते, थांबत नाही. रिपा बफर असा घ्या: ट्रिस ५० मिलिमोलर पीएच ७.४, मीठ १५० मिलिमोलर, एनपी-४० १ टक्का, सोडियम डीऑक्सिकोलेट ०.५ टक्के, एसडीएस ०.१ टक्का. वापरण्याच्या अगदी आधी त्यात सोडियम फ्लोराइड १० ते ५० मिलिमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० ते २५ मिलिमोलर, सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर आणि पीएमएसएफ (प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांचा रोधक) १ मिलिमोलर घाला. एका खणाला १०० ते १५० मायक्रोलिटर पुरते.

दोन ठिकाणी हमखास गडबड होते. पहिले व्हॅनाडेट: ते पाण्यात विरघळवून तसेच वापरले तर त्याचे रेणू एकमेकांना जोडलेले राहतात आणि टायरोसिन फॉस्फेटेजवर नीट चालत नाहीत. २०० मिलिमोलर द्रावणाचा पीएच १० करा, पिवळे होईल. रंग जाईपर्यंत उकळा, गार करून पुन्हा पीएच १० लावा, आणि पीएच १० ला बिनरंगाचे राहीपर्यंत हेच करत राहा. डीटीटी (क्षपण करणारे रसायन) किंवा जास्त ईडीटीए (धातू बांधून ठेवणारे रसायन) व्हॅनाडेटचा जोर घालवतात, म्हणून लायसिस बफरमध्ये डीटीटी नको. दुसरे पीएमएसएफ: पीएच ८ ला २५ अंशांतही त्याचे अर्धे आयुष्य जेमतेम ३५ मिनिटे, उन्हाळी खोलीत त्याहून कमी. सकाळी घातलेले पीएमएसएफ दुपारपर्यंत नुसते नावाला उरते.

बर्फाची खात्री नसेल तर सरळ उकळत्या एसडीएसमध्ये पेशी फोडा, आणि उन्हाळ्यात आमचा कल याच पद्धतीकडे आहे. १ टक्का एसडीएस आणि १० मिलिमोलर ट्रिस ९५ अंशांपर्यंत तापवा, माध्यम पूर्ण ओढून घ्या, खणात १०० मायक्रोलिटर टाका, लगेच खरवडा, नळीत घेऊन ५ मिनिटे उकळा. फॉस्फेटेज तिथल्या तिथे मरतात. लायसेट डीएनएमुळे तार धरते. ते २६ गेजच्या सुईतून दहा वेळा ओढा किंवा सोनिकेट करा. प्रथिन मोजायला बीसीए पद्धत वापरा, ती एसडीएस सहन करते. ब्रॅडफर्ड करत नाही. डीटीटी आणि निळा रंग मोजणी झाल्यावरच घाला.

जेल आणि ट्रान्सफरबद्दल इथल्या हवेत काय सांभाळायचे?

१० किंवा १२ टक्के जेल, लेनला २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रथिन. ४४ आणि ४२ वेगळे दिसायला हवे असतील तर ३० किलोडाल्टनचा मार्कर तळाजवळ येईपर्यंत चालवा. निळी रेघ खाली पोचली म्हणून जेल काढली तर दोन पट्ट्यांची एक जाड पट्टी मिळते.

आता उष्णतेचे. ट्रिसचा पीएच तापमान चढले की दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो. ४२ अंशांच्या खोलीत ७.६ लावलेला बफर २५ अंशांना सुमारे ८.१ होतो आणि फ्रिजमध्ये ८.६ च्या पुढे जातो. मीटरवरची तापमान-दुरुस्ती इलेक्ट्रोडची असते, ट्रिसची नसते. बफर २५ अंशांपर्यंत गार करूनच पीएच लावा. धुण्याच्या बफरमध्ये हे एक वेळ खपून जाते, जेलच्या ८.८ च्या बफरमध्ये पट्ट्या वाकड्या करते.

उन्हाळ्यात ॲक्रिलामाइड ओतता-ओतताच घट्ट व्हायला लागते. द्रावण आधी बर्फात गार करा आणि टेमेड (जेल घट्ट करणारे रसायन) थोडे कमी घ्या. त्याच्या जोडीचे एपीएस मात्र रोज ताजे; गरम कपाटात पडलेली पावडर कामाची नसते. बोअरचे पाणी कशालाच नको, काच धुवायचा शेवटचा हातसुद्धा डिस्टिल्ड पाण्याचाच.

ट्रान्सफर १०० व्होल्टवर ६० ते ७० मिनिटे, २० टक्के मिथेनॉल, बफर रात्रभर फ्रिजमध्ये गार केलेला. टाकीत बर्फाचा ठोकळा आणि टाकी बर्फाच्या ट्रेमध्ये, अशी दुहेरी सोय ठेवा. ठोकळा अर्ध्या तासाने बदला. ३० व्होल्टवर रात्रभर करत असाल तर पॉवरपॅक इन्व्हर्टरवर लावा, कारण वीज गेल्यावर जेलमधली प्रथिने जागच्या जागी पसरतात आणि पट्ट्या धूसर होतात. मेम्ब्रेन पीव्हीडीएफचे असेल तर आधी ३० सेकंद मिथेनॉलमध्ये बुडवायला विसरू नका. ट्रान्सफर झाल्यावर पॉन्सो (मेम्ब्रेनवरची प्रथिने दाखवणारा लाल रंग) लावा. तो दोन मिनिटांत सांगतो की पुढे जाण्यात अर्थ आहे का.

ब्लॉकिंग (मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा प्रथिनाने झाकणे) दुधात की बीएसएमध्ये?

५ टक्के बीएसए, टीबीएसटीमध्ये (ट्रिस २० मिलिमोलर, मीठ १५० मिलिमोलर, ट्वीन-२० ०.१ टक्का, पीएच ७.६), एक तास. दुधातले केसिन स्वतः फॉस्फेट असलेले प्रथिन आहे, म्हणून फॉस्फो-अँटिबॉडीला दूध चालत नाही असे सांगितले जाते. व्यवहारात या अँटिबॉडीसाठी दुधात ब्लॉक करून अनेकांचे काम होते. पण प्राथमिक अँटिबॉडी पातळ करायला तरी बीएसएच घ्या. दूध वापरलेच तर प्रयोगशाळेची बिनसायीची पावडर घ्या. किराणा दुकानातल्या डेअरी व्हाइटनरमध्ये साखर असते आणि स्निग्धांशही.

पत्रकात ‘खोलीचे तापमान’ लिहिले आहे. आमची खोली ४१ अंशांवर असते.

तिथे २० ते २५ अंश अभिप्रेत आहेत. एसी नसेल तर दुय्यम अँटिबॉडीचा (प्राथमिक अँटिबॉडीला चिकटून ती दाखवणाऱ्या अँटिबॉडीचा) तासही मेम्ब्रेन असलेला डबा गार पाण्याच्या परातीत ठेवून काढा. ४० अंशांत बीएसए आंबते, दुय्यम अँटिबॉडी जिथे-तिथे चिकटते आणि पार्श्वभूमी काळी होते. प्राथमिक अँटिबॉडी १:१००० ते १:२०००, ४ अंशांत रात्रभर. फ्रिजमध्ये शेकर बसत नसेल तर मेम्ब्रेन प्लास्टिकच्या पिशवीत २ ते ३ मिलिलिटर द्रावणासह, हवेचे बुडबुडे काढून बंद करा. हलवले नाही तरी काम होते.

काहीच पट्टी दिसत नाही. कुठून सुरुवात करू?

पॉन्सोत लेन दिसल्या होत्या का? नसतील तर ट्रान्सफर. सँडविच (जेल आणि मेम्ब्रेनची चळत) उलटे लावल्याचे प्रकार वाटतात त्याहून जास्त होतात. लेन होत्या, पण एकूण ईआरकेही येत नसेल तर दुय्यम अँटिबॉडी चुकीच्या प्राण्याविरुद्धची आहे किंवा ईसीएल (पट्टी चकाकवणारे द्रावण) गेले आहे. दुय्यम अँटिबॉडीचा एक थेंब ईसीएलमध्ये टाका, अंधारात चकाकला तर दोन्ही ठीक. तरीही पट्टी नसेल तर ॲझाइड तपासा: सोडियम ॲझाइड एचआरपीला (दुय्यम अँटिबॉडीला जोडलेल्या, ईसीएल चकाकवणाऱ्या एन्झाइमला) मारते, आणि बफर टिकावा म्हणून ते कुणीतरी धुण्याच्या बाटलीत घातलेले असू शकते.

एकूण ईआरके येतो, फॉस्फो येत नाही, ईजीएफच्या लेनमध्येही नाही, असे असेल तर अँटिबॉडीला दोष देण्याआधी लायसिसकडे परत जा. त्याच पेशी उकळत्या एसडीएसमध्ये फोडून शेजारी चालवा. तिथे पट्टी आली की प्रश्न व्हॅनाडेटचा किंवा वेळेचा होता.

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी पट्टी आली. हे काय?

एचआरपी फार झाले. त्या जागचे ईसीएल क्षणात संपले. दुय्यम अँटिबॉडी १:१०,००० पर्यंत पातळ करा, प्रथिन १० मायक्रोग्रॅमवर आणा.

फक्त एकच पट्टी दिसते, किंवा ५० जवळ तिसरी दिसते.

बऱ्याच पेशींत ईआरके-२ जास्त आणि ईआरके-१ कमी असतो, तेव्हा खालची एकटी ठळक दिसणे चूक नाही. ५० जवळची पट्टी इम्युनोप्रेसिपिटेशन (अँटिबॉडीने प्रथिन ओढून काढणे) केलेल्या नमुन्यात अँटिबॉडीच्या जड साखळीची असते. उंदराच्या ऊतीवर उंदराची अँटिबॉडी वापरली तरी तीच येते, कारण ऊतीतल्या रक्तात उंदराचे आयजीजी आहेच. पट्टी खरोखर फॉस्फेटमुळे आहे का हे पाहायचे असेल तर फॉस्फेटेजरोधक न घातलेल्या लायसेटचा अर्धा भाग लॅम्डा फॉस्फेटेज आणि १ मिलिमोलर मँगनीज क्लोराइडसोबत ३० अंशांना ३० मिनिटे ठेवा. पट्टी नाहीशी झाली पाहिजे आणि एकूण ईआरके जसाच्या तसा राहिला पाहिजे.

स्ट्रिप करून (लावलेली अँटिबॉडी धुऊन काढून) त्याच मेम्ब्रेनवर एकूण ईआरके करता येईल का?

येईल, पण क्रम फॉस्फो आधी, एकूण नंतर. सौम्य द्रावण: लिटरला ग्लायसिन १५ ग्रॅम, एसडीएस १ ग्रॅम, ट्वीन-२० १० मिलिलिटर, पीएच २.२, ५ ते १० मिनिटे, दोनदा. मग धुऊन नुसती दुय्यम अँटिबॉडी आणि ईसीएल लावून पाहा; काही दिसले तर स्ट्रिपिंग अर्धवट आहे. शोधनिबंधात आकडे द्यायचे असतील तर आमचे मत स्पष्ट आहे: एकाच लायसेटच्या दोन जेल एकाच दिवशी चालवा. स्ट्रिपिंगमध्ये किती प्रथिन गेले हे कुणालाच मोजता येत नाही.

पातळ केलेली अँटिबॉडी पुन्हा वापरता येते का?

बीएसएमध्ये ०.०२ टक्के ॲझाइडसह ४ अंशांत ठेवून दोन आठवड्यांत दोन-तीनदा. गढूळ झाली की फेका. ज्या ब्लॉटचे आकडे मोजायचे त्याला ताजीच. एचआरपीची दुय्यम अँटिबॉडी पुन्हा वापरू नका, तिच्यात ॲझाइड तर नकोच.

केळीच्या किंवा कपाशीच्या पानावर ही अँटिबॉडी चालेल का?

रावेर-यावलच्या पट्ट्यातून हा प्रश्न नेहमी येतो, आणि उत्तर वाटते तितके नकारार्थी नाही. वनस्पतींच्या एमएपी कायनेजमध्येही (ईआरके ज्या कुटुंबातला त्या एन्झाइमांमध्येही) तोच थ्रिओनिन-ग्लुटामिक आम्ल-टायरोसिन तुकडा आहे. ॲराबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगांतल्या नेहमीच्या छोट्या रोपात) एमपीके-३ आणि एमपीके-६ चालू झाले का हे पाहायला याच प्रकारची अँटिबॉडी सर्रास वापरतात. त्या पट्ट्या ४३ ते ४८ किलोडाल्टनच्या दरम्यान येतात. त्यांना ईआरके म्हणू नका.

अडचण नमुन्याची आहे. पान कापणे हीच झाडासाठी जखम, आणि जखमेने काही मिनिटांत हे कायनेज चालू होतात. चकत्या कापून रात्रभर पाण्यावर तरंगत ठेवा, सकाळी फ्लॅजेलिन-२२ (जिवाणूच्या शेपटीच्या प्रथिनाचा तुकडा) हा पेप्टाइड १०० नॅनोमोलर ते १ मायक्रोमोलर १० मिनिटे द्या, आणि द्रव नायट्रोजनमध्ये टाका. केळीच्या पानात चीक आणि पॉलिफेनॉल भरपूर. नमुना तपकिरी पडला तर त्यातल्या प्रथिनावर विसंबू नका. कुटताना पीव्हीपीपी (पॉलिफेनॉल शोषणारी पावडर) घाला. प्रतिसाद न दिलेली चकती आणि फॉस्फेटेज दिलेला नमुना शेजारी नसेल तर पट्टीचा अर्थ लावू नका.

वनस्पतीच्या अर्काने फॉस्फो-ईआरके कमी झाला. कर्करोगविरोधी परिणाम म्हणता येईल का?

एवढ्यावरून नाही. पेशी मरत असतील तर सगळेच कमी होते; आधी त्या मात्रेला किती पेशी जिवंत आहेत ते दाखवा. अर्क ज्या डीएमएसओत किंवा इथेनॉलमध्ये विरघळवला त्याचा तेवढ्याच प्रमाणातला कंट्रोल द्या. २४ तासांचा एकच नमुना पुरत नाही. ईआरके पाच मिनिटांत चढतो आणि तासाभरात उतरू लागतो, म्हणून ५, १५, ३०, ६० मिनिटे अशी रांग लावा. काही अर्क ईआरके वाढवतातही. ते निबंधातून वगळू नका.

पेशींच्या स्लाइडवर किंवा ऊतीवर वापरायची असेल तर?

पत्रकात तसे लिहिले असेल तरच. पेशींसाठी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १५ मिनिटे, मग उणे २० अंशांचे थंड मिथेनॉल १० मिनिटे. नुसत्या ट्रायटनवर (पेशीचे आवरण सच्छिद्र करणाऱ्या डिटर्जंटवर) संकेत बऱ्याचदा फिका येतो. ऊतीत मोठा धोका उशिराचा. शस्त्रक्रियेनंतर तुकडा फॉर्मेलिनमध्ये जायला वेळ लागला की फॉस्फेट उतरते, आणि फॉर्मेलिन कडेकडून आत शिरत असल्याने कडा रंगलेली, मध्य कोरा असे चित्र येते. तो जीवशास्त्राचा निष्कर्ष नव्हे.

निबंधात अँटिबॉडीबद्दल काय लिहायचे?

उत्पादक, कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक, आरआरआयडी (अँटिबॉडीचा सामाईक ओळख क्रमांक), कुठल्या प्राण्याची, मोनोक्लोनल की पॉलिक्लोनल, किती पातळ केली आणि कशात. पॉलिक्लोनल असेल तर लॉट क्रमांक सर्वांत महत्त्वाचा, कारण नवा लॉट म्हणजे वेगळ्या सशाचे रक्त. जुना लॉट संपण्याआधी नवा मागवा आणि दोन्ही एकाच लायसेटवर शेजारी चालवा.

ॲझाइड असलेले द्रावण बेसिनमध्ये ओतावे का?

०.०२ टक्क्यांचे काही मिलिलिटर असेल तर भरपूर पाण्यासोबत चालते. पण इमारतीत तांब्याचे किंवा शिशाचे जुने नळ असतील तर नको. ॲझाइड त्या धातूंशी स्फोटक संयुगे करते आणि ती नळात साचत राहतात. तिथे वेगळ्या बाटलीत गोळा करून घातक कचऱ्यात द्या. आम्ल मात्र त्या बाटलीत कधीच टाकू नका, विषारी वायू सुटतो.